काडतुसाचा परवाना कोणाच्या सहीने?

माझा भाचा अमेरिकेत, टेक्सास राज्यात नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसातला एक गोरा सहकारी सुट्टीच्या दिवशी घरच्या गॅरेजमध्ये बसून काडतुसे भरतो. भाच्याने त्याच्या टेबलाचा फोटो पाठवला. टेबलाच्या कडेला बोल्टने घट्ट बसवलेला हातदांड्याचा प्रेस, शेजारी रिकाम्या पितळी पुंगळ्यांचा ढीग, छोटा तराजू, दारूचा डबा. खाली प्रश्न लिहिला होता, "मामा, या यंत्राला आणि सामानाला सरकारने परवाना लावावा का, यावरून इथे लोक हमरीतुमरीवर येतात. तुम्ही काय म्हणाल?"

फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख. आणि विषय अमेरिकेपुरता नाहीच. आपल्याकडे प्रत्येक मोठ्या अत्याचारानंतर आपली पोरे समाजमाध्यमांवर लिहितात की आता आम्हालाही बंदुकीचे परवाने द्या. बंदुकीबद्दल सगळे बोलतात, काडतुसाबद्दल कोणी बोलत नाही.

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या वस्तीत वाढलो. १८६९ सालचा तो कारखाना. आमच्या आळीतले कितीतरी बाप सकाळी त्या फाटकातून आत जात आणि संध्याकाळी अंगझडती देऊन बाहेर येत. खिशात आगपेटी नेणेही गुन्हा. त्या हातांनी आयुष्यभर काडतुसे भरली. पण त्यांच्यापैकी एकाच्याही घरात परवान्याची बंदूक असल्याचे मला आठवत नाही. भाच्याचा फोटो पाहिला आणि पहिल्यांदा हेच मनात आले. जे काम आमच्या माणसांनी पहाऱ्यात केले, ते तिकडे एक गृहस्थ विरंगुळा म्हणून करतो.

आधी गोष्ट समजून घेऊ. काडतूस चार वस्तूंचे असते. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात ठिणगी पाडणारी टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार झाला की टोपी, दारू, गोळी संपते. पुंगळी उरते, आणि तीच सगळ्यांत महाग वस्तू. तिच्यात नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी बसवली की काडतूस पुन्हा तयार. यालाच तिकडे रिलोडिंग म्हणतात. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात विकण्यासाठी काडतुसे बनवणाऱ्याला परवाना लागतो, स्वतःच्या वापरासाठी भरणाऱ्याला लागत नाही. १९६८ च्या कायद्याने काडतुसे विकणाऱ्या दुकानदारांवर परवान्याची आणि नोंदवहीची सक्ती केली होती. १९८६ मध्ये ती बहुतांशी काढून टाकली गेली. ब्रिटनमध्ये उलटे झाले. २००६ च्या कायद्यानंतर तिथे प्रायमर विकत घ्यायला बंदुकीचे प्रमाणपत्र किंवा तशी अधिकृत परवानगी दाखवावी लागते, आणि २०२३ च्या कायद्याने बेकायदा काडतुसे बनवण्याच्या हेतूने त्यांचे सुटे भाग जवळ बाळगणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरवला.

अमेरिकेत परवान्याला विरोध करणारे एक मुद्दा हमखास मांडतात. ते म्हणतात, परवाना म्हणजे गुलामीची पहिली पायरी. हे म्हणणारे बहुतेक गोरे असतात ही त्यातली गंमत. पण मुद्दा पुरता खोटा नाही, आणि तो आपण नीट पाहिला पाहिजे, कारण तो काळ्या माणसाच्या इतिहासातून उचललेला आहे. गुलामगिरी संपली त्याच वर्षी, १८६५ मध्ये, मिसिसिपी राज्याने 'ब्लॅक कोड' नावाचे कायदे केले. त्यात लिहिले होते की सैन्यात नसलेल्या आणि काउंटीच्या मंडळाचा परवाना नसलेल्या मुक्त काळ्या माणसाने बंदूकही ठेवायची नाही आणि काडतुसेही ठेवायची नाहीत. काडतुसांचा उल्लेख मुद्दाम होता. आता हा परवाना देणार कोण? कालपर्यंत ज्यांच्या मळ्यात तो राबत होता, त्यांचेच भाऊबंद. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, जानेवारी १९५६ मध्ये, मॉन्टगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यांनी पिस्तूल जवळ बाळगण्याचा परवाना मागितला. तो नाकारला गेला. बॉम्ब फेकणाऱ्यांना कसला परवाना लागला नव्हता. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर्स भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन पोलिसांवर पाळत ठेवू लागले, तेव्हा मात्र तिथल्या विधिमंडळाने घाईघाईने भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी आणली आणि राज्यपाल रोनाल्ड रीगन यांनी तिच्यावर सही केली. त्याच पँथर्सचे नाव पाच वर्षांनी मुंबईतल्या आपल्या तरुणांनी घेतले आणि दलित पँथर उभी राहिली. त्यामुळे ही परकी कहाणी म्हणून सोडून देता येत नाही.

मग परवाना नकोच, असे म्हणायचे का?

इथे मी बाबासाहेबांकडे जातो. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात ते विचारतात की हिंदू समाजातल्या खालच्या वर्गांनी इतका अन्याय इतकी शतके सोसला कसा, बंड का केले नाही? उत्तरही तेच देतात. चातुर्वर्ण्याने त्यांच्या हातात शस्त्र येऊ दिले नाही आणि डोक्यात विद्या येऊ दिली नाही. बंड करायला लागणारे साधनच काढून घेतले होते. हे अनेकांना पाठ असते. पण डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत काय झाले ते फार थोड्यांना ठाऊक असते. ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा. त्याला १९३१ च्या काँग्रेसच्या कराची ठरावाचा आधार होता. बाबासाहेबांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की इंग्रज आपल्याला शस्त्र देत नव्हता, कारण आपण गुलाम प्रजा होतो. ते कारण आता संपले. पण कोणीही उठून बाजारात जावे आणि हल्ल्याची वाटेल ती साधने बिनदिक्कत विकत घ्यावीत, अशा स्थितीत राज्याचा कारभार चालेल कसा, हे मला समजत नाही. दुरुस्ती फेटाळली गेली.

या दोन्हींत मला विसंगती दिसत नाही. शस्त्र एका जातीला नाकारणे ही गुलामी, आणि शस्त्राचा मोकळा बाजार म्हणजे ज्याच्याकडे जमीन, पैसा आणि भाऊबंद जास्त त्याचे राज्य. खेड्यात शंभर घरे सवर्णांची आणि बारा घरे आपली असतील, तर मोकळ्या बाजारात बंदुका कोणाकडे किती जमतील हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. म्हणून भाच्याला माझे पहिले उत्तर हे, की परवाना हवा. बंदुकीला हवा, काडतुसाला हवा आणि काडतूस भरण्याच्या यंत्रालाही हवा. ज्या देशात २०२१ या एका वर्षात ४८ हजारांहून अधिक माणसे बंदुकीने मेली, त्यातली निम्म्याहून अधिक स्वतःच्या हाताने, त्या देशाने आम्हाला मोकळीक शिकवू नये.

भारतात हा वाद एका ओळीत मिटलेला आहे, आणि ती ओळ इंग्रजांची आहे. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या करताना त्यात बंदुकीच्या टोप्या, काडतुसाचे सर्व भाग आणि काडतुसे बनवण्याची सर्व यंत्रे घातली. फक्त शिसे, गंधक आणि सोरा वगळले, कारण ते वाण्याच्या दुकानातले रोजच्या व्यापाराचे जिन्नस. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने तीच मांडणी पुढे चालवली. कलम २ मध्ये दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रे ही दारूगोळाच समजली जातात. भाच्याच्या मित्राचा तो प्रेस आपल्याकडे कायद्याच्या नजरेत काडतुसाइतकाच काडतूस आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र किंवा दारूगोळा बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप.

म्हणजे आपल्याकडे कायदा कडक आहे. प्रश्न पुढे सुरू होतो. परवाना म्हणजे अखेर एक सही. ती सही कोणाची, आणि ती होण्याआधी कोणाकोणाला विचारले जाते?

कायद्याच्या कलम १३ प्रमाणे अर्ज आला की जवळच्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवला जातो. आता पारध्याच्या पोराने अर्ज केला आहे असे समजा. ज्या जमातीला १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि १९५२ मध्ये कागदावर मुक्त केले, तिच्याबद्दल ठाण्यातला हवालदार काय अहवाल लिहील? गंमत अशी की कलम १४ मध्ये एक चांगली ओळही आहे. केवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्या कारणाने परवाना नाकारता येणार नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. पण त्याच्या आधीच्या कलमात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना सहज मिळावा अशी सोय आहे. कोकणात, कोल्हापूरच्या डोंगरपट्ट्यात डुकरे आणि वानरे हाकायला अशा बंदुका घरोघरी दिसतात. (ठासणीची बंदूक म्हणजे खरे तर प्रत्येक बाराला रिलोडिंगच. दारू ओता, छर्रे घाला, ठासा, टोपी चढवा.) या सोयीला माझा विरोध नाही. शेतकऱ्याचे पीक रानडुकरांनी खावे असे मला वाटत नाही. पण पीक राखायला आधी शेत लागते. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते लोकांकडे जमीन नव्हती म्हणूनच. ज्याच्याकडे शेत नाही त्याच्याकडे परवान्याचे सर्वांत सोपे कारणही नाही. कायद्याने जात विचारली नाही, सातबारा विचारला. गावात दोन्हींचे उत्तर बहुतेक वेळा एकच येते.

आणि काही ठिकाणी कायद्याने सरळ जन्मच विचारला आहे. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात कोडव वंशाच्या प्रत्येक माणसाला आणि तिथल्या 'जम्मा' जमीनधारकांना बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. ही सूट १८६१ पासूनची, इंग्रजांनी निष्ठेची पावती म्हणून दिलेली. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली. तिच्याविरुद्ध याचिका झाली, तेव्हा २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. कोडव हा लढाऊ समाज आहे, ही बाब त्या निकालात मान्य केली गेली. त्याच कोडगूत कॉफीच्या मळ्यांत राबणारे येरव आणि कुरुब आदिवासी आहेत. ते कोडव वंशात जन्मले नाहीत.

'लढाऊ' हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो. १८१८ मध्ये कोरेगावला कंपनीच्या फौजेतून जे लढले, त्यांच्या वंशजांना १८९० च्या दशकात 'तुम्ही लढाऊ जात नाही' म्हणून मुंबईच्या सैन्यातली भरती बंद केली गेली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये विनंती अर्ज केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये केला. पहिले महायुद्ध पेटले, माणसे कमी पडली, तेव्हा १११ वी महार पलटण उभारली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडून टाकली. दुसरे महायुद्ध आले, तेव्हा १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आज तिच्या बोधचिन्हावर एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन मशीनगन आहेत. म्हणजे देशाला गरज पडली की ही जात मशीनगन चालवायला लायक, आणि त्याच्या मागेपुढे गावात काठी उगारायलाही नालायक. एकाला शंभर-दीडशे वर्षे परवान्याशिवाय बंदूक, दुसऱ्याच्या हातातून ती दोनदा काढून घेतलेली. हे सगळे कायदेशीरच होते.

आता आपल्या पोरांच्या मागणीकडे येतो. हाथरसनंतर, २०२० मध्ये, चंद्रशेखर आझाद यांनी वीस लाख बहुजनांना तातडीने बंदुकीचे परवाने द्या अशी मागणी केली होती. टाळ्या खूप पडल्या. ही मागणी हवेतली आहे असे कोणी समजू नये. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांत नियम ३ आहे. अत्याचाराची शक्यता असलेला भाग निश्चित करून सरकारने तिथे काय करायचे याची यादी त्यात दिली आहे. त्यात म्हटले आहे की व्यक्ती आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्रपरवाने द्यावेत. म्हणजे मागणी नियमात बसते.

पण त्याच यादीत त्याच्या आधी काय लिहिले आहे ते वाचले का? त्या भागातल्या जे अनुसूचित जाती-जमातीचे नाहीत अशा लोकांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे आणि कौटुंबिक मित्रांचेसुद्धा शस्त्रपरवाने, आवश्यक वाटल्यास, रद्द करावेत आणि ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. आणि त्यानंतर, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, बेकायदा निर्मिती बंद पाडावी. आधी त्यांच्या हातातले काढा, मग गरज पडली तर आमच्या हातात द्या, असा नियमाचा क्रम आहे. आपण मात्र शेवटचे पान फाडून तेवढेच मिरवतो. पहिले पान मागितले, तर कलेक्टरला पाटलाच्या, सरपंचाच्या, आमदाराच्या मेहुण्याच्या दारात जावे लागेल. त्यापेक्षा आपल्याला एखादा परवाना देऊन टाकणे त्याला सोपे.

मी पोरांना कठोर बोलतो आहे, पण मला त्यांच्या संतापाची थट्टा करायची नाही. वरातीत घोड्यावर बसला म्हणून मार खाल्लेल्या नवरदेवाला 'संयम ठेव' सांगणारा मी नव्हे. मला फक्त हिशेब मांडायचा आहे. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारले, ते बंदुकीने नव्हे. गावचा जमाव घरावर चालून आला. घरात एक परवान्याची बंदूक आणि वर्षाच्या कोट्यातली काडतुसे असती, तर काय झाले असते? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. एक बार, कदाचित दोन. मग त्याच जमावाने 'आम्ही स्वरक्षण केले' म्हणून कोर्टात उभे राहायला कारण मिळाले असते. महाराष्ट्रातल्या अत्याचारांची हत्यारे बहुधा काठ्या, कुऱ्हाडी आणि दोरखंड ही आहेत. त्यांना परवाना लागत नाही. तिथे वेळेवर येणारे पोलीस लागतात.

उत्तरेत चित्र वेगळे आहे, आणि काडतुसाचा प्रश्न तिथे जीवनमरणाचा होतो. बिहारमध्ये ११ जुलै १९९६ ला बथानी टोला येथे २१ माणसे मारली, १ डिसेंबर १९९७ च्या रात्री लक्ष्मणपूर बाथे येथे ५८ मारली. रणवीर सेनेची ही कामगिरी. बाथेत बंदुका चालल्या आणि झोपलेली माणसे, बायका, मुले मेली. खालच्या कोर्टाने २०१० मध्ये बाथेच्या २६ आरोपींना शिक्षा दिल्या, त्यातल्या १६ जणांना फाशी. २०१३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने सगळ्या २६ जणांना सोडले. बथानी टोलाच्या २३ जणांना त्याच्या आदल्या वर्षीच सोडले होते. दोन्ही निकालांत एक गोष्ट समान होती. डोळ्यांनी पाहिलेल्या, घरची माणसे गमावलेल्या साक्षीदारांवर न्यायालयाने विश्वास ठेवला नाही. अंधारात कसे ओळखले? लपला होतास तर दिसले कसे?

आपल्या माणसाची साक्ष कोर्टात उलटतपासणीत मोडते. त्याची भाषा मोडते, आठवण मोडते, भीतीने धीर मोडतो. पितळेची पुंगळी मोडत नाही. तिच्या बुडावर कारखान्याची खूण ठोकलेली असते. बंदुकीच्या घोड्याची सुई तिच्या टोपीवर जो व्रण उठवते, तो त्या बंदुकीचा ठसा असतो. ही काडतुसे कोणत्या दुकानातून कोणत्या परवान्यावर गेली याची वही नीट ठेवलेली असेल, तर घटनास्थळी सापडलेली एक पुंगळी दहा भेदरलेल्या साक्षीदारांचे काम करते. साक्षीदाराला विकत घेता येते, गाव सोडायला लावता येते. पुंगळीला गाव नसते.

म्हणून काडतूस भरण्याच्या यंत्रावरच्या नियंत्रणात आपला थेट स्वार्थ आहे. गावठी कट्टा भट्टीवर, पाइप कापून बनवता येतो. काडतूस तसे बनवणे फार अवघड, विशेषतः टोपी. म्हणून कट्टा बहुधा बारा बोअरचा किंवा पॉइंट ३१५ चा असतो, कारण या मापांची काडतुसे परवानाधारकांसाठी बाजारात कायदेशीर मिळतात आणि तिथून गळतात. बेकायदा बंदूक कायदेशीर काडतुसावर जगते. ही गळती रोखायची एकच जागा आहे, काडतुसांची मोजणी. किती घेतली, किती उडवली, रिकाम्या पुंगळ्या कुठे आहेत. घरोघरी भरण्याचे प्रेस आले की ही मोजणी संपली. एक पुंगळी पाच वेळा भरली तर वहीत एक आणि प्रत्यक्षात पाच. कोणत्याही तपासणी अधिकाऱ्याला तो हिशेब लागणार नाही.

नेमबाज मंडळी यावर चिडतात, आणि त्यांचे ऐकून घेतले पाहिजे. काडतुसे महाग आहेत, सरावाला हजारो लागतात, स्वतः भरली तर स्वस्त पडतात आणि नेमही सुधारतो. गरीब घरातले पोर या खेळात टिकत नाही ते काडतुसांच्या खर्चामुळे, हे अगदी खरे. पण या युक्तिवादाला मर्यादा आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातली पॉइंट २२ ची काडतुसे घरी भरण्याजोगी नसतातच, कारण त्यांत वेगळी टोपी नसते, मसाला पुंगळीच्या कडेतच असतो. उरले ते छर्ऱ्याच्या बंदुकीचे आणि मोठ्या मापाच्या रायफलींचे प्रकार. त्यांच्यासाठी क्लबच्या नावाने परवाना द्या, यंत्र क्लबच्या कुलपात ठेवा, दारू आणि टोप्यांची वही रोज लिहा. आणि गरीब खेळाडूंना काडतुसे सरकारी खर्चाने द्या. शूटिंग रेंजवर आमची पोरे दिसावीत ही माझीही इच्छा आहे. दिवाणखान्यात प्रेस मांडून बसण्याचा हक्क मात्र कोणालाच नको, माझ्या भाच्यालाही नको.

भाच्याने हे वाचून विचारलेच, की मामा, मग मिसिसिपीचे काय? परवाना देणारा हात तोच असेल तर? प्रश्न बरोबर आहे. परवान्याची पद्धत ठेवायची आणि सही करणाऱ्याला मोकळे सोडायचे, यातून मिसिसिपीच तयार होते. म्हणून ज्याच्या हातात सही आहे त्याने दर वर्षी लोकांसमोर आकडे ठेवले पाहिजेत. आपल्या जिल्ह्यात किती परवाने आहेत हे सांगतात. त्यातले अनुसूचित जातींचे किती, जमातींचे किती, भटक्या-विमुक्तांचे किती, हे मी तरी कुठे प्रसिद्ध झालेले पाहिले नाही. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करून घेण्याची यंत्रणा आठवड्याभरात हलते. मतपेटीसाठी जे जमते ते दलित वस्तीसाठी का जमू नये? १७ जुलै २०१९ ला उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात, उंभा गावी, जमिनीच्या वादात १० गोंड आदिवासी गोळ्या घालून मारले गेले. वाद जुना होता, सगळ्यांना माहीत होता. नियम ३ अशाच गावांसाठी लिहिला आहे, घटना घडण्याआधी वापरण्यासाठी.

याच नियमांतल्या नियम १७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. आपले काही कार्यकर्ते या समित्यांवर अशासकीय सदस्य आहेत. चहा-बिस्किटे आणि मागील इतिवृत्त कायम करणे यापलीकडे तिथे शस्त्रपरवान्यांचा विषय किती वेळा निघाला, हे त्यांनी स्वतःला विचारावे.

मी माझ्या जिल्ह्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज तयार केला आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत उत्तर यायला हवे. कोणा व्यक्तीचे नाव मागितलेले नाही, म्हणजे 'वैयक्तिक माहिती' म्हणून टाळता येणार नाही. प्रश्न असे: गेल्या पाच वर्षांत शस्त्रपरवान्यासाठी किती अर्ज आले, त्यांत अनुसूचित जाती-जमातींचे किती, मंजूर किती, नामंजूर किती. ही विभागणी ठेवत नसल्यास तसे लेखी कळवावे. नियम ३ खाली जिल्ह्यातला कोणता भाग निश्चित केला आहे. त्या भागात आजवर किती परवाने रद्द झाले आणि किती शस्त्रे जमा झाली. परवानाधारकांनी घेतलेल्या काडतुसांचा आणि रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेब शेवटचा कोणत्या तारखेला तपासला. दक्षता समितीच्या गेल्या चार बैठकांच्या इतिवृत्तांच्या प्रती. ज्यांना आपल्या जिल्ह्यात हाच अर्ज टाकायचा आहे त्यांनी मजकूर उचलून घ्यावा, फक्त कार्यालयाचा पत्ता बदलावा. उत्तरे आली की ती इथेच, जिल्हावार, एकाखाली एक लावू.

जय भीम.